असोदा ते कैलास : अजून न झालेल्या एका प्रवासाची पूर्वतयारी

मराठी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही दोघेही गेली वीस-बावीस वर्षे वर्गात शिकवत आलो आहोत. आमचा स्वतःचा प्रवास मात्र बहुतांशी असोदा ते जळगाव आणि जळगाव ते असोदा असाच झाला. मध्ये उजळणी वर्गाच्या निमित्ताने पुणे, चर्चासत्राच्या निमित्ताने नांदेड आणि उत्तरपत्रिका तपासायला जिथे बोलावतील तिथे. 'प्रवासवर्णनाचे घटक सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही इतक्या वेळा काढला आणि तपासला आहे, की स्थलवर्णन, व्यक्तिदर्शन, लेखकाचे व्यक्तिमत्त्व ही त्याची ठरलेली उत्तरे झोपेतही सांगू शकू. त्या उत्तरांत एक घटक कधीच नसतो, आणि तो नसल्याचे इतकी वर्षे आमच्याही लक्षात आले नव्हते. निघण्यापूर्वी घरात काय घडते? कोण जाणार आणि कोण मागे राहणार, हे कसे ठरते? पुस्तक बहुधा स्टेशनावर किंवा विमानतळावर उघडते. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

आम्ही कैलास-मानसरोवराच्या यात्रेची तयारी करीत आहोत. यात्रा झालेली नाही. होईल की नाही, हेही सांगता येत नाही. तेव्हा हिमशिखरांच्या वर्णनाची अपेक्षा ठेवून कुणी हे वाचू लागले असेल, तर त्याची निराशा होईल. हा लेख तयारीचाच आहे.

घरात आम्ही तिघे. आई ही आमच्यापैकी एकाची जन्मदात्री आणि दुसरीची सासू. एक जण तिला 'अगं' म्हणतो, दुसरी 'अहो'. लेखात काय वापरावे, यावर थोडी चर्चा होऊन दुसरीच्या परवानगीने एकेरीच ठेवले आहे. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण हरिपाठ, एकनाथी भागवतातले काही अध्याय आणि मुक्ताईचे अभंग तोंडपाठ. मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर ती दहा वेळा चालली आहे. ही वाट बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत महिनाभराहून अधिक चालते. ज्या वयात आम्ही विद्यापीठाच्या आवारात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत रिक्षाने जाण्याचा विचार करू लागलो होतो, त्या वयात ती आषाढाच्या चिखलात चप्पल हातात घेऊन चालत होती.

२०१५ साली नथू ला खिंडीतून कैलासाची वाट उघडल्याची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली. १९८१ पासून यात्रा उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून चाले. तो मार्ग तेव्हा कित्येक दिवसांच्या चढाईचा होता. सिक्कीममधून जाणाऱ्या नव्या वाटेने बराचसा प्रवास वाहनाने होणार होता, आणि म्हाताऱ्या माणसांनाही जाता येईल असे त्या बातमीत म्हटले होते. आईने ती बातमी कापून हरिपाठाच्या पोथीत ठेवली. तेव्हा ती पासष्ट वर्षांची होती. आम्हांला म्हणाली, "बसनं जाता येतं म्हने. पुढचं चालनं मी पाहून घेईन."

आम्ही म्हणालो, जाऊ. पुढच्या वर्षी जाऊ.

पुढचे जे सांगायचे ते फारसे भूषणावह नाही. २०१६ मध्ये आमच्यापैकी एकाचा पीएच.डी.चा प्रबंध सादर व्हायचा होता. २०१७ मध्ये डोकलामच्या तणावामुळे नथू लाची वाट मध्येच बंद झाली, आणि आम्हांला मनातून सुटल्यासारखे वाटले. २०१८ मध्ये दुसरीची पदोन्नती होती. त्यासाठी गुणांकाचे तक्ते भरणे, कुठल्याशा चर्चासत्रातल्या निबंधाचे प्रमाणपत्र शोधणे असली पवित्र कामे होती. २०१९ मध्ये मुलीची बारावी. यात्रा जून ते ऑगस्टमध्ये असते, आणि जून ते ऑगस्ट म्हणजे प्रवेशाचा हंगाम. प्राध्यापकाने त्या दिवसांत तीन आठवड्यांची रजा मागणे म्हणजे प्राचार्यांच्या रक्तदाबाशी खेळणे. आमची कारणे खरी होती. प्रत्येक कारण त्या त्या वर्षी पुरेसे होते. आई एवढेच म्हणाली, "दरसाल म्हनता, पुढच्या साली." पण तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटले नाही, म्हणून आम्हीही ते तक्रार म्हणून ऐकले नाही.

२०२० साली करोना आला, त्यापाठोपाठ सीमेवरचा संघर्ष, आणि यात्रा बंद झाली ती पाच वर्षे. २०२५ च्या जानेवारीत ती पुन्हा सुरू होणार असे जाहीर झाले, त्या दिवशी आम्ही दोघे आनंदाने घरी आलो आणि नियम वाचायला बसलो. यात्रेकरूचे वय त्या वर्षाच्या १ जानेवारीला किमान १८ आणि कमाल ७० असावे. आई चौऱ्याहत्तर पूर्ण झाली होती.

२०१९ साली ती अडुसष्ट वर्षांची होती.

हे वाक्य आम्ही तिच्यापुढे उच्चारले नाही. ते उच्चारण्याची गरज नव्हती; तिला वजाबाकी येते. नेपाळमार्गे जाणाऱ्या खासगी यात्रांची चौकशी केली, आणि त्याआधी एका हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून आणले. त्यांनी फार न बोलता सांगितले की साडेपाच हजार मीटरांवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि आईचे हृदय ते सोसणार नाही. मग आम्ही एक मूर्खपणा केला. वेरूळला जाऊन येऊ म्हणालो. वेरूळचे सोळावे लेणे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात एका अखंड कातळातून वरून खाली कोरून काढलेले. कैलास हलवू पाहणारा रावण तिथे कोरलेला आहे. आमच्यापासून दीड-दोनशे किलोमीटरांच्या आत. आम्ही ही सगळी माहिती तिला सांगत होतो, वर्गात सांगतो तशी. ती म्हणाली, "मले लहान लेकरू समजता का रे?" आणि आत निघून गेली. वेरूळ तिने तीनदा पाहिले आहे.

दोन दिवसांनी तीच बाहेर आली आणि म्हणाली, "तुमी जा. घर काय पयून चाल्लं का? मी हाये ना."

तयारीची सूत्रे तेव्हापासून तिच्या हातात आहेत.

ही गोष्ट आम्हांला नवी वाटली खरी, पण ती नवी नाही. 'मेघदूत' आम्ही दोघांनीही शिकवले आहे, ते मराठी अनुवादांच्या निमित्ताने; कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, चिंतामणराव देशमुख, शांता शेळके अशा इतक्या जणांना या एकाच काव्याने अनुवादाला बसवावे, हे मराठी काव्याच्या अभ्यासकाला कोड्यात टाकणारेच आहे. 'मेघदूता'चा पूर्वार्ध म्हणजे वस्तुतः रामगिरीपासून कैलासापर्यंतच्या प्रवासाचा आराखडा. वा. वि. मिराशी यांच्या मताप्रमाणे रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचे रामटेक. तिथून आम्रकूट, नर्मदा, विदिशा, वाट वाकडी करून उज्जयिनी, पुढे चंबळ, कुरुक्षेत्र, हरिद्वारजवळचे कनखल, मग क्रौंचरंध्र नावाची हिमालयातली फट, आणि तिच्या पलीकडे कैलास, त्याच्या मांडीवर अलका. क्रौंचरंध्र म्हणजे नीती खिंड असावी असे काही अभ्यासक मानतात. कुठे विसावा घ्यायचा, कुठल्या नदीचे पाणी प्यायचे, कुठे गडगडायचे आणि कुठे हळू बरसायचे, हे सारे यक्षाने मेघाला सांगून ठेवले आहे. त्या काव्यातल्या राजहंसांनाही शिधा आहे. कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी चोचीत घेऊन ते कैलासापर्यंत मेघाची सोबत करतात.

आणि हा सगळा मार्ग सांगणारा स्वतः जाऊ शकत नाही. मागे वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले होते की यक्ष स्वतः का गेला नाही. आम्ही शापाचे उत्तर देणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, रजा मंजूर झाली नव्हती." वर्ग हसला. उत्तर मात्र चुकीचे नव्हते. कामात चुकला म्हणून धन्याने वर्षभर लांब ठेवलेला तो एक नोकरच. त्या दिवशी आमच्या ध्यानात न आलेली गोष्ट आता आली : जाणारा मेघ काव्यभर एक शब्दही बोलत नाही. रस्ता ज्याला जाता येत नाही त्यालाच इतक्या तपशिलाने दिसतो. आम्ही हे विरहाचे काव्य म्हणून शिकवत आलो. ते मागे राहणाऱ्याचे प्रवासवर्णन आहे, हे आईने भिंतीवर नकाशा लावायला सांगितला तेव्हा कळले.

नकाशा सोप्यातल्या भिंतीवर आहे, दिनदर्शिकेच्या शेजारी. आईला इंग्रजी नावे वाचता येत नाहीत म्हणून त्यावर मराठी चिठ्ठ्या डकवल्या आहेत. जळगावहून दिल्लीपर्यंत रेल्वे. दिल्लीत वैद्यकीय तपासणी. मग टनकपूर, धारचुला, गुंजी, नाभीढांग, लिपुलेख. पलीकडे तकलाकोट, आणि तिथून दारचेन. नथू लाची वाट आम्ही सोडली. खर्च हे एक कारण आहे. २०२५ साली लिपुलेखचा खर्च माणशी सुमारे पावणेदोन लाख आणि नथू लाचा त्याहून लाखभर अधिक असा सांगितला जात होता, आणि दोघांचे गणित मांडल्यावर हे कारण पुरेसे झाले. दुसरे कारण आम्ही कुणाला सांगितलेले नाही. नथू ला ही आईची वाट होती.

लिपुलेखची वाटही आता पूर्वीची राहिलेली नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. यात्रेकरूंचा एक संपूर्ण गट त्यांत होता, नृत्यांगना प्रोतिमा बेदीही. आज धारचुलाहून खिंडीच्या जवळपर्यंत मोटारीचा रस्ता झाला आहे. त्याचे उद्घाटन २०२० च्या मे महिन्यात झाले, नेमके यात्रा बंद असताना. पायी चालणे उरले ते मुख्यतः परिक्रमेचे : सुमारे बावन्न किलोमीटर, तीन दिवस, आणि मधल्या दिवशी साडेपाच हजार मीटरांहून उंच असलेली डोल्मा ला खिंड. बौद्ध आणि हिंदू उजवी घालून जातात, बोन पंथाचे लोक डावी घालून. जैनांसाठी हे ऋषभदेवांचे निर्वाणस्थान, अष्टापद. ६,६३८ मीटरांच्या या शिखरावर कुणी चढल्याची नोंद नाही. त्याच्याभोवती फिरायचे, त्याच्यावर पाय द्यायचा नाही, यावर चार धर्मांचे एकमत आहे. आजच्या काळात एवढ्या धर्मांचे एवढ्या गोष्टीवर एकमत असणे हेच आम्हांला शिखराच्या उंचीपेक्षा मोठे वाटते. असो.

तिबेटी पंचांगाप्रमाणे २०२६ हे अश्ववर्ष. बारा वर्षांनी येणाऱ्या या वर्षात केलेल्या एका परिक्रमेचे पुण्य अनेकपटींनी वाढते अशी तिकडची श्रद्धा आहे. हे आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आपला सिंहस्थच."

शरीराची तयारी हा या प्रकरणातला विनोदी भाग. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो पंचवीसच्या आत असावा असा नियम आहे. आमच्यातील एकाचा सत्तावीसच्या वर होता, दुसरीचा रक्तदाब. दोघेही पहाटे भादलीच्या रस्त्याने केळीच्या बागांमधून चालू लागलो. असोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरांवर. चढ म्हणून म्हणावा असा गावात एकही नाही. उन्हाळ्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि आम्ही तयारी करतो आहोत ती बर्फाची. सातपुड्यात मनुदेवीला दोनदा जाऊन आलो. चैत्रात आपल्या खानदेशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांचे जथे निघतात, त्यांच्याबरोबर तीन दिवस चाललो. त्यातली साठीच्या पुढची माणसे आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तिचे वर्णन करण्याचे धाडस होत नाही. जेवणाचे नियमही आले. भरताच्या दिवसांत कळण्याच्या भाकरीसमोर बसून 'एकच' म्हणणे ही लेवा पाटीदार घरात तपश्चर्याच आहे, आणि त्या तपश्चर्येला आईचा पाठिंबा नाही.

वाचनाची तयारी त्या मानाने आमच्या हातातली होती. त्यात आम्हांला नैनसिंग रावत भेटला. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातला हा शाळामास्तर. आमच्याच पेशातला, हे प्रथमदर्शनीच आवडले. तिबेटात परक्यांना बंदी असताना ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने त्याला डेहराडूनला शिकवून तयार केले आणि यात्रेकरूच्या वेषात पाठवले. प्रत्येक पाऊल सारख्या अंतराचे पडावे, म्हणजे दोन हजार पावलांचा एक मैल भरावा, याचा त्याने सराव केला होता. त्याच्या हातातल्या जपमाळेत एकशे आठ मण्यांऐवजी शंभरच मणी होते. शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद. १८६५ मध्ये निघून तो ल्हासाला पोहोचला आणि १८६६ मध्ये मानसरोवराच्या वाटेने परत आला. बाराशे मैलांची वाट त्याने पावलांनी मोजली होती.

हे वाचून आम्हीही पावले मोजून पाहिली. घरापासून विठ्ठल मंदिरापर्यंत किती, एवढेच. चारशे बाराला कुणीतरी "काय सर, सकाळी सकाळी कुठी?" असे विचारले आणि मोजणी संपली. गावात नैनसिंग होणे शक्य नाही. गाव माणसाला शंभर पावलेही एकटे चालू देत नाही. आईला त्याची माळ सांगितली तेव्हा तिला ती अजिबात आवडली नाही. आठ मणी कमी केले म्हणजे देवाला फसवले, असे तिचे मत. पण मग विचारले, "आनि रोज किती चाले तो?" पालखीत चाललेल्या माणसाचा तो प्रश्न होता. व्यासंगी माणसाला तो सुचला नसता.

यात्रेसाठी जे कागद भरून द्यावे लागतात, त्यांत एक संमतिपत्र आहे. यात्रेकरूचा चीनच्या हद्दीत मृत्यू झाला तर त्याच्या पार्थिवावर तिथेच अंत्यसंस्कार करण्यास आपली हरकत नाही, असे ते लिहून मागते. त्याचा नमुना छापून आणला त्या संध्याकाळी आम्ही तो टेबलावर पालथा ठेवला. मृत्यूची भीती वाटली असे म्हणणे खरे होणार नाही. भीती वाटली ती त्यातल्या एकवचनाची. आजवर आमचे सगळे अर्ज, गृहकर्ज, रेशनकार्ड, अगदी हा लेखही, 'आम्ही' या सर्वनामाने चालत आले. इथे प्रत्येकाने आपापला कागद भरायचा. दोघांनी एकत्र अर्ज करता येतो, एकाच गटात जाता येते. पण दिल्लीच्या तपासणीत किंवा पुढे गुंजीला पुन्हा होणाऱ्या तपासणीत एकजण अपात्र ठरला, तर तो मागे फिरतो. दुसऱ्याने काय करायचे, हे नियमांत लिहिलेले नाही.

महाभारतात ते लिहिलेले आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमध्ये प्रथम द्रौपदी पडते. भीम विचारतो, ही का पडली. युधिष्ठिर तिचा दोष सांगतो आणि मागे न पाहता पुढे चालतो. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. हिमालयाच्या वाटेवर पडलेल्याकडे वळून न पाहणे हा जणू धर्मच. इरावतीबाई कर्वे यांना तो धर्म पटला नसावा. 'युगान्त'मध्ये त्यांनी आपल्या कल्पनेने भीमाला मागे फिरवले आणि पडलेल्या द्रौपदीजवळ नेऊन बसवले. १९६७ च्या त्या पुस्तकातला हा भाग मूळ कथेला सोडून आहे, अशी टीका आम्ही स्वतः विद्यार्थिदशेत एका निबंधात केली होती आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. आता तो निबंध सापडला तर फाडून टाकू.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. एकजण म्हणाला, तू अपात्र ठरलीस तर मीही परत येईन. दुसरी म्हणाली, मुळीच नाही. आईला पाणी कोण आणणार? तोच प्रश्न उलटा केला तेव्हा ती गप्प बसली. आम्ही ठरवले ते असे : जो राहील तो जाईल. हा निर्णय भीमाचा की युधिष्ठिराचा, ते आम्हांला अजून कळलेले नाही.

पाण्याचे सांगायचे राहिले. आईची अट आहे की चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावरून तांब्याच्या गडूत पाणी भरून न्यायचे आणि मानसरोवरात सोडायचे. तिकडचे भरून परत आणायचे. तापीच्या याच काठाने मेहूण येथे मुक्ताई विजेच्या लोळात अंतर्धान पावली, अशी परंपरा आहे. तेव्हा हे पाणी म्हणजे आईच्या लेखी पालखीच. ती स्वतः जात नाही, पाणी जाते आहे. विमानतळांवर, तपासणी नाक्यांवर असे पाणी नेता येते का, याची चौकशी आम्ही करू लागलो तेव्हा तिने विचारले, "रेल्वेनं चाल्ले ना? मंग?" रेल्वेने जाण्याचा आमचा हट्ट आता तिचाही झाला आहे.

या पाण्याने आम्हांला गोडसे भटजींकडे परत नेले. 'माझा प्रवास' आम्ही अठराशे सत्तावन्नच्या बंडाचा साक्षीदार ग्रंथ म्हणून शिकवतो. १९०७ साली भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी तो छापला वगैरे. परंतु वरसईच्या त्या भिक्षुकाचा प्रवास सुरू होतो तो कर्जाने आणि आईवडिलांची परवानगी मिळवण्याच्या खटपटीने, आणि संपतो तो काशीहून खांद्यावर आणलेल्या गंगेच्या कावडीने. तिच्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. मधली झाशी, मधल्या कत्तली, मधली लूट हे सारे इतिहासाचे. पण त्या माणसाच्या मते प्रवास कशासाठी होता, हे पहिल्या आणि शेवटच्या पानांत आहे. आम्ही विद्यार्थ्यांना नेमकी तीच पाने 'स्वतः वाचा' म्हणून सोडून देत आलो.

आमच्या गावाबद्दल लिहायचे आणि बहिणाबाईंचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १८८० साली असोद्याच्या महाजनांच्या घरात जन्मलेली ही बाई वयाच्या तेराव्या वर्षी जळगावला चौधरींच्या घरी गेली, आणि या दोन गावांमधल्या सहा-सात किलोमीटरांच्या वाटेचे तिने काय केले, ते १९५२ मध्ये, तिच्या पश्चात, साऱ्या महाराष्ट्राला कळले. तिच्या एका कवितेत एक योगी आणि एक सासुरवाशीण समोरासमोर येतात. योगी फिरणारा, ती राहणारी. सासरी राहून माहेराचे गाणे का गातेस, असे तो तिला विचारतो, आणि ती त्याला जे उत्तर देते त्याचा आशय असा की, घर धरून राहिलेल्या बाईमुळेच पुढच्या कुणाला परतायला जागा उरते. स्त्रीवादी समीक्षेच्या अंगाने या कवितेवर पुष्कळ बोलता येते. त्या उत्तरात सोसणे किती आणि समजूत किती, यावर आम्हां दोघांतही एकमत नाही. आई 'मी हाये ना' म्हणाली तेव्हा ती कुठल्या बाजूने बोलत होती, यावरही नाही. तिने मन मारले असेल तर त्याला कारण आम्ही आहोत. आणि तिने मन मारलेलेच नसेल, नकाशा, शिधा, पाणी यांत ती खरोखर रमली असेल, तर आमची खंत हीसुद्धा तिच्यावर लादलेली एक गोष्ट ठरेल. दोन्ही शक्यता घेऊन आम्ही रोज तिच्याबरोबर जेवायला बसतो.

शिध्याची यादी तिने केली आहे. दशम्या दिल्लीपर्यंतच टिकतील म्हणून त्या रेल्वेपुरत्या. पुढे भाजलेले शेंगदाणे, तिळाची चटणी, गूळ, सुंठ, मेतकूट, आणि ज्वारीचे बिबडे, जे तळायला डोल्मा ला खिंडीत तेल कुठून आणायचे, हा प्रश्न आम्ही विचारलेला नाही. मुलांची आत्या सावद्याहून तीन आठवडे इथे येऊन राहणार आहे. तिच्यासाठी वरची खोली झाडून घेतली आहे. २०२५ साली साडेसातशे जागांसाठी साडेपाच हजारांवर अर्ज आले होते आणि संगणकाने सोडत काढली होती. म्हणजे एवढे सारे करून नाव न निघण्याचीच शक्यता अधिक. आईला हे सांगितले आहे. "मंग पुढच्या साली," ती म्हणाली, आणि आमच्याकडे पाहून हसली. त्या हसण्याचा अर्थ आम्ही एकमेकांना विचारला नाही.

परवा अर्जाचा मसुदा कागदावर भरून पाहिला. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, रक्तगट. आपत्कालीन प्रसंगी संपर्क कुणाशी साधावा, या रकान्यापाशी आम्ही दोघेही थांबलो. पुण्याला असलेल्या मुलीचे नाव लिहिणे व्यवहाराचे होते. आईला फोनवर नीट ऐकू येत नाही. तिचा फोन बहुधा देवघरात असतो आणि कधी कधी पिठाच्या डब्यावर. एकाने मुलीचे नाव लिहिले. दुसरीने आपल्या अर्जावर आईचे लिहिले आणि आतून हाक मारून तिचा नंबर विचारला. तिने तो एकेक आकडा सावकाश सांगितला, आणि मग खात्रीसाठी आम्हांला परत म्हणायला लावला.